सहा किलो चारशे

मिंगेलने जन्मभर टिपरच्या बॉड्या बांधल्या,
हलकं काही त्याला बांधताच येत नाही.
दोन माणसं निजतील एवढासा आमचा ट्रेलर,
त्यालाही खनिज भरायचंय असे अँगल मारले.
मी कापायला लावले. पुन्हा मारले. पुन्हा कापले.
"बाये, मोडतलें."
"मोडू दे. ओढणार आल्टो आहे."

शाणू काही बोलला नाही.
खाणीवरून धक्क्यावर, दिवसाला सहा खेपा,
खेपेला दहा टन नेलेला माणूस
मिंगेलच्या स्टुलावर बसून
माझ्या वहीतले वॅट वाचत होता:

पंखा पंधरा, रात्रभर.
दिवा पाच, भांडी आटपेपर्यंत.
फोन दोन, कारण मडगावची लेक विचारणार, पोचलात?
आणि त्याचं श्वासाचं मशीन, तीस, आठ तास,
जे नसलं तर तो मध्यरात्री थांबतो.
घोरत नाही. थांबतो.
मी मोजलंय, बावीस सेकंदं.
(धुळीमुळे नाही म्हणाले डॉक्टर. मान जाड आहे.)

बेरीज चारशे. मासळीला छोटा फ्रीज हवा होता त्याला,
तो मी खोडला.

कुडचड्याच्या बाजारात वेर्णेकर म्हणाला,
"ही घ्या वहिनी, ट्रकची, दगड आहे दगड."
अठ्ठावीस किलो.
पण वापरायची निम्मीच,
निम्म्याखाली उतरली की लवकर मरते,
वर महिन्याला पाणी पाजायचं.
"मग उरलेली निम्मी न्यायची कशाला?"
वेर्णेकर हसला. शाणूही हसला,
छातीवरच्या टाक्यांवर हात ठेवून,
ऑपरेशननंतर पहिल्यांदा.

मग फळीवरून एक खोका निघाला,
चपलांच्या जोडाएवढा. लिथियमची.
किंमत तिप्पट. वजन छापलेलं होतं,
पण छापलेल्यावर मी कशाला विश्वास ठेवू?
एप्रिल होता. शेजारी काजूबियांचा काटा मांडलेला.
माणसाने पारड्यातल्या चार बिया झटकल्या,
खोका ठेवला.
सहा किलो चारशे.
रांगेतून कुणीतरी विचारलं, "दर कितलो?"

मी उचलून पाहिली. एका हाताने.
कमरेने तक्रार केली नाही.
वहीत शेवटचा एक रकाना होता, मथळा नसलेला,
त्यात मी फक्त "मी" लिहिलं होतं.
उचलणार कोण, बदलणार कोण, पुढे कधीतरी
चार्जिंगला घरात आणणार कोण, या सगळ्याचं उत्तर.
शाणूने ते वाचलं असावं.
"पुरो गो," एवढंच म्हणाला, आणि पाकीट काढलं.

नेत्रावळीला ओहोळाच्या काठी पहिली रात्र.
जमीन तिरकी, चाकाखाली दगड लावले,
तरी सगळी भांडी एका कोपऱ्यात जमली.
बिछान्याखाली तो खोका, आवाज नाही, वास नाही,
एक हिरवा आकडा तेवढा.
तीन वाजता मला जाग आली. अठ्ठावन्न टक्के.
मशीन श्वास देत होतं, तो घेत होता.
सवयीने मोजायला लागले. एक, दोन, तीन,
चारच्या पुढे आकडा जाईना.
किती वेळ तशीच चारपर्यंत मोजत बसले,
शाळेत नव्याने घातलेल्या पोरीसारखी.

सकाळी स्टोव्ह शोधायला मागचं झाकण उघडलं,
तर सतरंजीत गुंडाळलेला टिपरचा जुना जॅक.
मिंगेलने चढवून दिलेला, माझ्या नकळत.
वजन केलं नाही, पण वीस किलो तरी भरेल.
म्हणजे बॅटरीत जेवढं वाचवलं, जवळजवळ तेवढंच.

मी शाणूकडे पाहिलं.
तोंडावर मशीनच्या पट्ट्यांचे वळ,
हातात दातवण, पाय ओहोळात.
"लागता," तो म्हणाला,
"केन्ना तरी लागता."